सहावी ते आठवीच्या मुलांना सत्रभरासाठी एक जाणकार द्या

प्रति,
मा. शिक्षण आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे
आणि
मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे

विषय : उच्च प्राथमिक वर्गांत कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण व स्थानिक कौशल्ये यांसाठी केंद्रनिहाय (आसपासच्या शाळांच्या गटामागे) जाणकार व्यक्ती पूर्ण सत्रासाठी नेमण्याबाबत

महोदय,

मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक सदस्य आहे. मुलगी सातवीत आहे, मुलगा चौथीत. मी डी.एड. केले, पुढे भरतीची वाट पाहण्यात काही वर्षे गेली, आणि आता शिलाई मशीन आणि थोडी शेती यांवर घर चालते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ‘हिला स्वतःलाच निदेशक, म्हणजे हे विषय शिकवणारी मानधनावरची बाई, व्हायचे असेल’ अशी शंका नको. मला व्हायचे नाही. मागणी एवढीच, की सहावी, सातवी, आठवीच्या प्रत्येक मुलाला दर सत्रात एखाद्या विषयाचा खरा जाणकार आठवड्यातून एकदा, दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी लागेपर्यंत सलग भेटला पाहिजे. शाळेचा पट कितीही असो.

पटाचा मुद्दा मुद्दाम काढला. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी स्पष्ट लिहिले आहे : विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक हवा, आणि पट शंभराच्या वर असेल तर कला शिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत. आमच्या शाळेत सहावी-सातवी मिळून साठ-पासष्ट मुले. म्हणजे चित्र, खेळ आणि हातकाम शिकायला आमच्या मुलांना आणखी चाळीस सोबती जन्माला यायची वाट पाहावी लागणार. गावाकडच्या बहुतेक शाळांची हीच गत. शहरातल्या मुलाला शाळेत नाही मिळाले तर संध्याकाळी क्लास लावता येतो. इथे शाळेत नाही म्हणजे कुठेच नाही.

ज्या मोठ्या शाळांना निदेशक मिळाले त्यांचेही फार बरे चालले असे नाही. पुनर्नियुक्तीसाठी, मानधनासाठी याच लोकांना आंदोलने करावी लागली, न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. पुढच्या जूनला आपण असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने मुलांना सत्रभराचे काय शिकवायचे?

आता या विषयांचे सध्या काय होते, तेही बोलू. वेळापत्रकात त्यांच्या तासिका आहेत. फळ्याशेजारी चिकटवलेल्या तक्त्यावर कार्यानुभव आहे, कला आहे, शारीरिक शिक्षण आहे. प्रत्यक्षात त्या वेळेत शिष्यवृत्तीचा सराव होतो, राहिलेला धडा पूर्ण होतो, नाहीतर सरांना कुठलीतरी ऑनलाइन माहिती तातडीने भरायची असते आणि मुले मैदानात ‘खेळा रे’ म्हणून सोडली जातात. यात शिक्षकाला दोष देणे सोपे आहे, मी देणार नाही. भाषेची पदवी घेतलेल्या बाईंकडून तबला आणि सुतारकाम दोन्ही कसे अपेक्षायचे?

सत्र संपले की मात्र याच तासिकांचे मूल्यमापन होते. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात प्रत्येक मुलासाठी प्रत्येक विषयात वर्णनात्मक नोंद करावी लागते. कल्पना उत्तम होती. व्यवहारात या नोंदींच्या तयार पुस्तिका बाजारात मिळतात, पीडीएफ शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतात. ‘चित्रात योग्य रंगसंगती वापरतो.’ ‘दिलेले काम नीटनेटके करतो.’ ‘विविध खेळांत आवडीने सहभागी होतो.’ माझ्या मुलीच्या प्रगतिपुस्तकात गेल्या वर्षी होते, ‘मातीपासून विविध आकार तयार करते.’ मी तिला विचारले, कधी केलेस गं? ती म्हणाली, आई, ते सगळ्यांच्याच पुस्तकात आहे. मग आम्ही दोघी हसलो. पण समितीच्या बैठकीत हे वाचून दाखवले तेव्हा कुणी हसले नाही, कारण तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या घरी मातीचे विविध आकार तयार झालेले होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आले तेव्हा वाटले, आता हे बदलेल. सहावी ते आठवीत सुतारकाम, वीजकाम, धातुकाम, बागकाम, कुंभारकाम अशा कामांचा प्रत्यक्ष अनुभव देणारा एक अभ्यासक्रम असावा आणि दहा दिवस दप्तराविना असावेत, स्थानिक कारागिरांकडे मुलांनी जाऊन शिकावे, असे धोरणात आहे. दहा दिवसांचे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. सोयीने, गोळा होतील तेव्हा, एकेक दिवस सुटा-सुटा उरकला जातो. एक दिवस कुंभाराकडे, एक दिवस बँकेत, एक दिवस बालबाजार. आपल्याकडे आनंददायी शनिवारही आला. वाईट काही नाही, मुले खूश असतात, फोटो छान येतात. पण चाकावर पहिल्यांदा बसलेल्या पोराचा मातीचा गोळा मध्यावर येतच नाही, लडबडतो आणि उडतो. कुंभार हसतो, मुले हसतात, बस सुटते. तो गोळा मध्यावर यायला जो दुसरा, तिसरा, पाचवा आठवडा लागतो, तो कुठल्याच परिपत्रकात नाही. एका दिवसात मूल फक्त एवढे शिकते की हे काम दुसऱ्या कुणाचे तरी आहे.

म्हणून सत्र. शाळा जूनच्या मध्याला उघडते, दिवाळीपर्यंत पोळा, गणपती, नवरात्र, चाचण्या वजा केल्या तरी सोळा आठवडे हाती राहतात. आठवड्याला दोन तासिका जोडून द्या, साधारण सत्तर मिनिटे. सत्रभरात अठरा-एकोणीस तास झाले. उच्च प्राथमिकसाठी कायद्याने वर्षाचे २२० दिवस आणि १००० तास ठरवले आहेत. म्हणजे सत्राच्या शंभर तासांतले चार ताससुद्धा मी मागत नाही.

या अठरा तासांत काय होऊ शकते याचे एकच उदाहरण नीट सांगते, कारण ते माझ्या ओळखीचे आहे. आमच्याकडचे पहिले सत्र म्हणजे सोयाबीनचा हंगाम. शाळा भरते तेव्हा पेरणीची लगबग असते आणि सहामाहीच्या आसपास रास होते. दोन्ही वेळापत्रके इतकी नेमकी जुळतात, तरी शाळेच्या कुंपणाबाहेर काय पेरले आहे याचा शाळेत उल्लेख नसतो. आता समजा, घरचे बियाणे राखणारी बचत गटातली एखादी बाई आमच्या सातवीच्या वर्गावर आली. पहिल्या आठवड्यात ती ओले गोणपाट पसरेल आणि मुलांकडून शंभर दाणे मोजून घेईल, दहाच्या दहा ओळी. गोणपाट गुंडाळायचे, सावलीत ठेवायचे, रोज पाणी शिंपडायचे. पुढच्या आठवड्यात उलगडून चांगले कोंब मोजायचे. शंभरातले जेवढे उगवले तेवढी उगवणक्षमता. शेकडेवारीचा धडा इथे संपला, आणि तो शिकवायला कुणाला फळ्यावर जावे लागले नाही.

पुढे गंमत आहे. कृषी विभाग सांगतो की उगवण सत्तर टक्के असेल तर एकरी तीस किलो बियाणे पुरे. आमच्या गोणपाटात साठच उगवले तर? तीस किलोचे सत्तर टक्के म्हणजे एकवीस किलो बी प्रत्यक्ष उगवणार होते. साठ टक्क्यांनी एकवीस किलो उगवायचे तर पस्तीस किलो लागेल. मुलांचे त्रैराशिक झाले, आणि घरी जाऊन बापाला ‘आपण पाच किलो जास्त घ्यायला पाहिजे’ असे सांगणारी सातवीतली पोरगी तयार झाली. शाळेच्या मागे एक गुंठा मोकळा असेल तर एकरी तीस किलोच्या हिशेबाने त्याला सातशे पन्नास ग्रॅम, अर्ध्या गुंठ्याला तीनशे पंचाहत्तर. हे गणित उत्तरपत्रिकेत चुकले तर एक गुण जातो, वाफ्यात चुकले तर रोपे दाटीने येतात आणि ती चूक तीन महिने डोळ्यांसमोर उभी राहते.

मग पाऊस. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, असे दरवर्षी सांगितले जाते. मिलिमीटर म्हणजे किती, हे सांगणाऱ्यालाही कधी कधी दाखवता येत नाही. सरळ उभ्या भिंतींची बाटली आणि पट्टी घेऊन मुले मोजतील. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे शाळेच्या पत्र्यावरून वाहून गेलेल्या पाण्याचा हिशेब करताना कळेल. पेरणीनंतर चाळीस दिवसांनी एक रोप मुळासकट उपटायचे. मुळांवरच्या गाठी नखाने फोडायच्या, आतून गुलाबी दिसल्या तर हवेतला नत्र धरण्याचे काम चालू आहे. एखादे सुकलेले रोप उभे चिरले तर खोडमाशीच्या अळीने पोखरलेली नळी दिसेल. ही बाई ‘सहजीवन’ हा शब्द वापरणार नाही कदाचित. तो शब्द विज्ञानाच्या सरांनी वापरावा, ते तिथेच असतील, आणि माझा अंदाज आहे की त्या तासाला सरही चार गोष्टी शिकतील. शेवटी शेंगा मोजणे, रास, वजन, गुंठ्यावरून एकराचा अंदाज. आणि बी पुढच्या वर्षीसाठी ठेवायचे असेल तर पोते आपटायचे नाही, सोयाबीनचे टरफल पातळ असते आणि आपटल्याने उगवण घटते, हे कळलेली पंचवीस-तीस मुले.

याच रीतीने प्रत्येक गावात काही ना काही आहे. करवत, रंधा, पटाशी आणि गुण्या एवढ्या चार हत्यारांवर सुतार सोळा आठवडे सहज काढेल. काटकोन म्हणजे काय हे गुण्या लावून सांधा उघडा राहिलेला पाहिल्यावर जेवढे कळते तेवढे कंपासपेटीने कळत नाही. कुठे हलगीवाले आहेत, कुठे भजनी मंडळातला पखवाजी, कुठे मल्लखांब केलेला तरुण, कुठे एटीडी (कला शिक्षक पदविका) झालेली आणि घरी बसलेली मुलगी. हिच्याबद्दल एक वाक्य जास्त लिहिते. शासकीय रेखाकला परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर दहावीला वाढीव गुण मिळतात. शहरातल्या शाळांत त्यासाठी चित्रकलेचे शिक्षक असतात, खडूपासून स्मरणचित्रापर्यंत सराव होतो. आमच्या मुलांच्या हातात रंगपेटी येते पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला. गुणांची ही तफावत कुठल्याही आरक्षणाच्या चर्चेत येत नाही.

हे सगळे नवीन नाही, हेही मला माहीत आहे. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला गेला. माझे सासरे सांगतात, त्यांच्या शाळेत टकळ्या आल्या होत्या, विणकर मात्र कधी आला नाही. सूत कातले, गुंता झाला, टकळ्या कपाटात गेल्या. त्याउलट पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून माध्यमिक शाळांत गेलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस कार्यशाळा, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य या कामांना देतात, आणि शिकवणारे निदेशक गावातले कारागीर असतात. साधनेही आली आणि माणूसही आला, तोही दर आठवड्याला. आपल्याच राज्यात, आपल्याच कार्यालयापासून दोन तासांवर हे झालेले असताना नवा प्रयोग करायची गरज नाही. तो आठवीपासून सुरू होतो, मी सहावीपासून मागते आहे, फरक इतकाच.

हरकती काय येतील हे मला समितीत बसून पाठ झाले आहे. सुताराला बी.एड. कुठे आहे? नाही, आणि त्याची गरजही नाही, कारण वर्ग शिक्षकाच्याच ताब्यात राहील. पात्रता, टीईटी, हे सगळे शिक्षकाला लागू राहू दे. जाणकाराने काम दाखवायचे, करून घ्यायचे. हजेरी, शिस्त, पाठ्यपुस्तकाशी जोड हे शिक्षकाचे. मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्यात तडजोड नको. चारित्र्य पडताळणी झाल्याशिवाय कुणीही वर्गात येऊ नये, जाणकार मुलांबरोबर एकटा कधीही नसावा, आणि धारदार हत्यारे त्या तासापुरतीच बाहेर यावीत, मोजून द्यावीत, मोजून घ्यावीत.

अभ्यास बुडेल, असे पालकच म्हणतील. म्हणतातच. त्यांना मी वरचे पस्तीस किलोचे गणित दाखवते, अर्धे पालक तिथेच गप्प होतात. उरलेल्यांचे म्हणणे असते, आमचा पोरगा सुतार करायचा नाही आम्हाला. हे मात्र गंभीरपणे घ्यायला हवे. ज्या घरांनी पिढ्यान्पिढ्या जातीने लादलेले काम सोडवून घेण्यासाठीच पोरांना शाळेत घातले, त्यांना पुन्हा तेच काम शाळेत आलेले दिसले तर राग येणारच. म्हणून एक अट हवी : वर्गातली सगळी मुले सगळे विषय शिकतील. पाटलाची मुलगी रंधा मारेल, सुताराचा मुलगा पेटी वाजवेल, मुलगे बटण लावायला शिकतील. निवड सत्राने बदलेल, घराण्याने नाही. सहावी ते आठवी म्हणजे सहा सत्रे. सहा जाणकार, सहा विषय. आठवी वेगळ्या शाळेत असेल, आमच्याकडे बहुतेक तशीच असते, तर चार.

पैशाचा प्रश्न पट सोडून केंद्र हे एकक धरले की बराच सुटतो. एका केंद्रातल्या सहावी-सातवीच्या शाळा मोजा. एका सुताराला आठवड्यातून पाच दुपारी पाच शाळा देता येतात. एका शाळेसाठी पूर्ण माणूस परवडत नाही, पाच शाळांत मिळून परवडतो. त्याच्या हाताला सत्रभराचे काम मिळते आणि मानधनही मागायला लाज वाटावी इतके तुटपुंजे राहत नाही. ते मानधन दर महिन्याला थेट खात्यात जावे, सत्र संपल्यावर देयक मंजूर होण्याची वाट पाहत नव्हे. साहित्याचे पैसे शाळेकडे आगाऊ यावेत. लाकूड नोव्हेंबरमध्ये आले तर दिवाळीआधी स्टूल कसे होणार?

आणि कृपा करून यासाठी नवे ॲप काढू नका. जाणकाराला लिंक भरायला लावू नका, जिओटॅग केलेला फोटो मागू नका, अहवालाचा नमुना पाठवू नका. शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे कायद्याच्या कलम २७ मध्ये असूनही त्यांचे काय झाले हे आम्ही पाहतो आहोत. या लोकांचे तसे होऊ देऊ नका. तपासायचेच असेल तर सत्राच्या शेवटच्या आठवड्यात केंद्रप्रमुखांनी येऊन मुलांनी केलेली वस्तू हातात घ्यावी आणि कोणत्याही एका मुलाला विचारावे, हे कसे केलेस, कुठे बिघडले होते. प्रगतिपुस्तकातली नोंद तिथेच, त्या उत्तरावरून लिहावी. तयार पुस्तिकेत ती सापडणार नाही.

विषय कोणता घ्यायचा हे पुण्याहून ठरवू नये. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. एरवी आमच्याकडून चहा आणि सह्या एवढेच अपेक्षित असते. गावात कोण काय जाणते, कोण दारू पितो, कोणाला मुलांशी बोलता येते, हे आमच्याइतके कुणालाच माहीत नाही. यादी आम्ही करू. आमच्या शाळेपुरती झालीही आहे : एक सुतार, वर सांगितलेली बियाणे राखणारी बाई, लेझीम बसवणारे एक निवृत्त पोस्टमन, आणि एटीडी झालेली एक मुलगी. चौघांशी बोलणे झाले आहे. पोस्टमन मानधन नको म्हणाले. त्यांनाही द्यावे, कारण फुकट मिळालेल्या माणसाची तासिका सगळ्यात आधी रद्द होते.

पूर्ण राज्यात एकदम करा असे मी म्हणत नाही. दर तालुक्यात एक केंद्र, पटाची अट न लावता, येत्या जूनपासून दोन सत्रे. आमच्या केंद्रातल्या शाळांच्या समित्यांचे ठराव सोबत जोडले आहेत. निर्णय मेअखेरपर्यंत कळवावा ही विनंती. एकदा मृगाचा पाऊस झाला की यातला निम्मा माणूस शेतात असेल, आणि त्याची दुपार सत्रभरासाठी राखून ठेवायची तर त्याला आधी सांगावे लागते.

आपली,
शाळा व्यवस्थापन समितीची एक पालक सदस्य